यंत्रबुद्धीचा ताप

एका निर्वात कोठीत वितळलेल्या कथलाचे थेंब पडत असतात. माणसाच्या केसापेक्षाही बारीक, आणि दर सेकंदाला पन्नास हजार. प्रत्येक थेंबावर लेझरचे दोन तडाखे बसतात. पहिल्याने थेंब चपटा होतो, दुसऱ्याने त्याचा सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पट तापलेला वायू होतो. त्यातून जो प्रकाश बाहेर पडतो तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी फक्त १३.५ नॅनोमीटर. हवा हा प्रकाश शोषून घेते, म्हणून कोठी निर्वात ठेवावी लागते. भिंगाची काचही तो शोषते, म्हणून कमालीच्या गुळगुळीत आरशांवरून तो वळवत न्यावा लागतो. हे यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्समधली एएसएमएल.

या प्रकाशाने सिलिकॉनच्या चकतीवर नक्षी उमटवली जाते. एनव्हिडिया कंपनीची ‘एच१००’ नावाची चिप अशीच घडते. जेमतेम इंच-सव्वा इंच लांब-रुंद तुकडा, आणि त्यात ८० अब्ज ट्रान्झिस्टर. म्हणजे सेकंदाला अब्जाहून अधिक वेळा उघडमीट करू शकणारी ८० अब्ज बटणं. आज आपल्याशी गप्पा मारणारी, पत्रं लिहून देणारी, चित्रं काढणारी कृत्रिम बुद्धिमत्ता अशा हजारो चिपा एकत्र जोडून शिकवली जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्याच ‘अल्फाफोल्ड’ या प्रणालीने २० कोटींहून अधिक प्रथिनांचे आकार वर्तवले, आणि त्यासाठी डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांना २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. एकेका प्रथिनाचा आकार शोधण्यात पूर्वी संशोधकांची वर्षंच्या वर्षं जात.

थक्क व्हावं असंच हे सगळं आहे. पण थक्क झालेली नजर पडद्यावर अडकून राहू नये. या बुद्धीला शरीर आहे. ते डोंगरातून खणून काढलेलं आहे, ते तापतं, त्याला पाणी लागतं, आणि त्याला शिकवायला हाडामांसाची माणसं लागतात. चमत्कार पडद्यावर दिसतो. त्याची किंमत मात्र फार वेगळ्या गावांत, फार वेगळी माणसं मोजत असतात. त्या गावांतून एक फेरी मारू.

गारगोटी, मूस आणि भातशेती

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या कुशीत स्प्रूस पाइन नावाचं छोटंसं गाव आहे. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी इथे भूखंड एकमेकांवर आदळले, जमिनीच्या पोटात खडक वितळला आणि सावकाश थिजताना कमालीची शुद्ध गारगोटी तयार झाली. चिपसाठी लागणारं सिलिकॉन १,४१४ अंश सेल्सिअसला वितळतं. ते वितळवण्याची मूसच अशुद्ध असेल, तर तिचे कण सिलिकॉनमध्ये उतरतात आणि सगळा स्फटिक वाया जातो. म्हणून मूसही अतिशुद्ध गारगोटीची हवी, आणि जगाला लागणारी तशी गारगोटी बहुतांशी या एका गावातून येते. या मुशीत सिलिकॉनच्या स्फटिकाचं बी टेकवायचं आणि हळूहळू फिरवत वर ओढायचं, की मागोमाग एकसंध स्फटिकाचा दंडगोल वर येतो. ही पद्धत यान चोखराल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाला १९१६ मध्ये सापडली. लिहिता लिहिता त्याने टाक चुकून दौतीऐवजी वितळलेल्या कथलात बुडवला आणि उचलला, तर टोकाला धातूचा बारीक धागा लटकत होता, अशी आख्यायिका आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘हेलीन’ चक्रीवादळाने स्प्रूस पाइन झोडपून काढलं, खाणी बंद पडल्या आणि जगभरच्या चिप उद्योगाचे डोळे या एका डोंगराळ गावाकडे लागले. एवढी प्रचंड इमारत किती अरुंद पायावर उभी आहे, हे त्या आठवड्यात दिसलं.

इथून पुढचा मुक्काम तैवान. सिलिकॉनच्या चकतीवर एकेक थर चढवताना ती पुन्हा पुन्हा धुवावी लागते, आणि तेही पिण्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी शुद्ध केलेल्या पाण्याने. धुळीचा एक कणही ट्रान्झिस्टरच्या मानाने पर्वताएवढा असतो. टीएसएमसी ही तैवानची कंपनी २०१९ मध्ये रोज सुमारे १ लाख ५६ हजार टन पाणी वापरत होती. २०२० मध्ये तैवानच्या किनाऱ्यावर एकही तुफान धडकलं नाही. त्या बेटाची धरणं तुफानांच्याच पावसाने भरतात. २०२१ उजाडलं ते अर्ध्या शतकातला सर्वांत वाईट दुष्काळ घेऊन. सरकारने ७० हजारांहून अधिक हेक्टर शेतीचं सिंचन थांबवलं. चिपच्या कारखान्यांनी बचत केली, टँकरने पाणी आणलं आणि उत्पादन चालू ठेवलं. शेतकऱ्यांना भरपाई मिळाली, पण भाताचा हंगाम गेला. धरणात पाणी थोडं उरलं की आधी कोणाला, हा प्रश्न महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही.

बुद्धी तापते कशी

आता चिप तयार झाली आणि कामाला लागली. ती तापते. का तापते, याचं उत्तर विज्ञानातल्या सर्वांत सुंदर उत्तरांपैकी एक आहे. आयबीएममधल्या रॉल्फ लँडाउअर या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवून दिलं, की माहितीचा एक कण, म्हणजे एक बिट, पुसून टाकायचा तर निदान ठरावीक एवढी उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. ती अतिसूक्ष्म असते, पण शून्य होऊ शकत नाही. निसर्गाचा नियम असा, की यंत्राला विसरणंसुद्धा फुकट मिळत नाही. आजच्या चिपा या किमान मर्यादेच्या कितीतरी पट जास्त उष्णता टाकतात. एक ‘एच१००’ पूर्ण जोमाने चालली, तर ७०० वॅटपर्यंत वीज घेते, आणि घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. उत्तर पडद्यावर जातं, उष्णता खोलीत राहते.

ही उष्णता बाहेर काढली नाही तर चिप काही क्षणांत निकामी होईल. ती काढण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आपल्या स्वयंपाकघरातल्या माठाला ठाऊक आहे: पाण्याची वाफ होऊ द्यायची. वाफ होताना पाणी आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ झाली, की साधारण दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता निघून जाते. डेटा सेंटरच्या छतावरचे किंवा आवारातले शीतकरण मनोरे हेच काम करतात. त्यातही पाण्यातले क्षार वाफेबरोबर जात नाहीत, मागे साचतात. म्हणून पाणी चांगल्या प्रतीचं लागतं, आणि क्षार वाढलेलं पाणी मधूनमधून सोडून द्यावं लागतं.

एक हिशेब करून पाहू. डेटा सेंटर १०० मेगावॅटचं आहे आणि त्याची सगळी उष्णता वाफेवाटे काढायची आहे, असं धरू. ताशी एक लाख युनिट उष्णता, म्हणजे ताशी सुमारे दीड लाख लिटर पाणी. दिवसाला ३६ लाख लिटर. आपल्याकडे शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावं, असं प्रमाण धरतात. त्या मापाने हे २६ हजारांहून अधिक माणसांचं रोजचं पाणी झालं, आणि ते नदीत परत येत नाही, हवेत जातं. प्रत्यक्षात सगळीच केंद्रं एवढं पाणी वापरत नाहीत. काही बंदिस्त नळ्यांतून तेच पाणी फिरवतात आणि पंख्यांनी, शीतयंत्रांनी उष्णता हवेत सोडतात. मग पाणी वाचतं, पण वीज जास्त लागते. ती वीज कोळशाची असेल तर औष्णिक केंद्रावर तिच्यासाठी पाण्याची वाफ झालेलीच असते. आवारातलं पाणी वाचलं, तरी त्याची भरपाई विजेच्या रूपाने दुसरीकडे कुठेतरी होते.

नदीकाठचं गुपित

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी द डॅल्स नावाचं गाव आहे. इथून जवळच सेलिलो नावाचे धबधबे होते. हजारो वर्षं तिथल्या आदिवासी जमाती त्या धबधब्यांवर सामन मासे धरत, बाजार भरवत, सोयरिकी जुळवत. १९५७ मध्ये द डॅल्स धरणाच्या पाण्याने ते काही तासांत बुडवले. त्या भागातल्या धरणांनी मुबलक स्वस्त वीज दिली. स्वस्त विजेमागे आधी अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना आला, आणि २००६ मध्ये गूगलचं डेटा सेंटर.

पुढे गावात प्रश्न उठला: हे केंद्र आमचं पाणी किती वापरतं? ‘द ओरेगोनियन’ या वृत्तपत्राने रीतसर माहिती मागितली. गावाच्या प्रशासनाने हा व्यापारी गुपिताचा भाग आहे असं म्हणत ती नाकारली, आणि माहिती द्यावी लागू नये म्हणून वृत्तपत्रालाच कोर्टात खेचलं. वर्षभराहून अधिक काळ हा वाद चालला. डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली आणि आकडा बाहेर आला. २०२१ मध्ये या केंद्राने ३५ कोटी ५१ लाख गॅलन, म्हणजे सुमारे १३४ कोटी लिटर पाणी वापरलं होतं. गावाच्या एकूण पाण्याच्या पाव हिश्शाहून अधिक.

आकडा जेवढा चकित करतो, त्याहून जास्त चकित करतं ते त्याभोवतीचं मौन. नदी सगळ्यांची, नळयोजना लोकांच्या पैशाची, आणि त्यातून किती पाणी एका गिऱ्हाइकाला गेलं हे मात्र गुपित. गेल्या काही वर्षांत हीच गोष्ट ठिकठिकाणी दिसते. चिलीची राजधानी सँटियागोच्या परिसरात, बरीच वर्षं दुष्काळ सोसत असलेल्या सेरियोस भागात, गूगलच्या नियोजित केंद्राविरुद्ध रहिवासी उभे राहिले. २०२४ मध्ये तिथल्या पर्यावरण न्यायालयाने परवानगी अंशतः मागे घेतली आणि कंपनीने हवेने थंड होणाऱ्या रचनेचा नव्याने विचार करायचं ठरवलं. लोक उभे राहिले, म्हणून दुसऱ्या रचनेचा विचार झाला.

एक प्रश्न, अडीच अब्ज प्रश्न

आपल्या डोक्यातला मेंदू साधारण २० वॅटवर चालतो. त्या तुलनेत २०२० मध्ये आलेलं ‘जीपीटी-३’ हे भाषा-मॉडेल एकदा शिकवायला सुमारे १२ लाख ८७ हजार युनिट वीज लागली, असा संशोधकांचा अंदाज आहे. एवढ्या विजेवर एक मानवी मेंदू सात हजार वर्षांहून अधिक काळ विचार करू शकेल. १७५ अब्ज आकडे एका प्रचंड तक्त्यात मांडलेले, आणि मजकुराचा एकेक गठ्ठा वाचून प्रत्येक आकडा किंचित हलवायचा: शिकणं म्हणजे हेच, पुन्हा पुन्हा.

पण शिकवणं एकदाच होतं, विचारणं मात्र रोज. चॅटजीपीटीच्या एका सरासरी प्रश्नाला ०.३४ वॅट-तास वीज लागते, असं ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी २०२५ मध्ये लिहिलं. हे फारच थोडं आहे. एका प्रश्नाने अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही. मात्र त्याच वर्षी कंपनीने सांगितलं, की रोज अडीच अब्ज प्रश्न येतात. दोन्ही आकडे कंपनीचेच. गुणाकार केला तर दिवसाला साडेआठ लाख युनिट होतात. ‘जीपीटी-३’च्या संपूर्ण शिक्षणाला लागली तेवढी वीज या हिशेबाने दीड दिवसात उत्तरं देण्यात जात होती.

यंत्रं सुधारतील, वीज कमी लागेल, मग चिंता कसली? याचं उत्तर १८६५ मध्येच मिळालं होतं. विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाचा अभ्यास करताना पाहिलं, की वाफेची इंजिनं काटकसरी झाली तसा कोळसा जास्त जळू लागला. इंजिन स्वस्त पडू लागल्यामुळे ते जास्त ठिकाणी वापरलं गेलं. यंत्रबुद्धीचंही तेच होताना दिसतं. प्रत्येक उत्तर स्वस्त होतं, म्हणून ते शोधयंत्रात, फोनमध्ये, कार्यालयातल्या प्रत्येक कागदात शिरतं, कुणी मागितलं नसलं तरी. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५च्या अहवालानुसार जगातल्या डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत ती ९४५ अब्ज युनिटांपर्यंत जाईल, असा संस्थेचा अंदाज आहे. आज सगळा जपान मिळून वापरतो त्याहून किंचित जास्त. यातली सगळी वीज यंत्रबुद्धीची नव्हे; आपले फोटो, बँकांचे व्यवहार, चित्रपट यांचाही त्यात वाटा आहे. वाढीला मुख्य रेटा मात्र तिचाच आहे.

जगाच्या सरासरीत दीड टक्का लहान वाटतो, कारण सरासरीत गावं दिसत नाहीत. आयर्लंडमध्ये डेटा सेंटरचा वीजवापर २०१५ मध्ये देशाच्या ५ टक्के होता. २०२३ मध्ये तो २१ टक्क्यांवर गेला आणि देशातल्या सगळ्या शहरी घरांच्या एकत्रित वापराला मागे टाकून बसला. आणि अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात जे झालं, ते तर नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. शहराच्या नैर्ऋत्य भागात बॉक्सटाउन नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी रेल्वेच्या मालडब्यांच्या लाकडांतून इथे घरं उभारली, त्यावरून हे नाव पडलं. कारखान्यांचा धूर या भागाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला. २०२१ मध्ये इथल्या रहिवाशांनी एक तेलवाहिनी लढून परतवली. २०२४ मध्ये वस्तीजवळच्या जुन्या कारखान्यात इलॉन मस्क यांच्या एक्सएआय कंपनीने ‘कोलॉसस’ हा महासंगणक १२२ दिवसांत उभा केला, आधी एक लाख चिपांचा. विजेच्या जाळ्यातून लागेल तेवढी वीज लगेच मिळेना, म्हणून कंपनीने नैसर्गिक वायूवर चालणारी टर्बाइन लावली. परवाना न घेता. ती तात्पुरती असल्याने परवाना लागत नाही, अशी बाजू मांडली गेली. पर्यावरण वकिलांच्या संस्थेने विमानातून छायाचित्रं काढली, तेव्हा ३५ टर्बाइन मोजता आली. जुलै २०२५ मध्ये काउंटीच्या आरोग्य खात्याने १५ टर्बाइनना परवाना दिला. अशी टर्बाइन नायट्रोजन ऑक्साइड सोडतात, त्यापासून उन्हात ओझोन तयार होतो, आणि तो दमेकऱ्यांच्या छातीवर बसतो. महासंगणक १२२ दिवसांत उभा राहणं हा अभियांत्रिकीचा पराक्रमच. पण त्या १२२ दिवसांत बॉक्सटाउनच्या रहिवाशांना कुणी काही विचारलं नाही.

शिकवणारी माणसं

यंत्र आपणहून शिकतं, असं म्हटलं जातं. त्याच्या शिकवण्या कुणी घेतल्या, ते पाहू. यंत्राच्या दृष्टीत क्रांती घडवली ती ‘इमेजनेट’ या चित्रसंग्रहाने. फेई-फेई ली यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संग्रहात १ कोटी ४० लाखांहून अधिक चित्रं आहेत. प्रत्येक चित्रात काय आहे, कुत्रा की लांडगा, कप की वाटी, हे माणसांनी एकेक करून सांगितलं. १६७ देशांतल्या जवळपास ४९ हजार माणसांनी, घरबसल्या, चित्रामागे मिळणाऱ्या चिल्लर मोबदल्यावर. यंत्राच्या डोळ्यामागे हे हजारो डोळे आहेत.

बोलणाऱ्या यंत्राला आणखी एक गोष्ट शिकवावी लागते: काय बोलू नये. इंटरनेटवरचा मजकूर वाचून तयार झालेलं मॉडेल तिथली घाणही आत्मसात करतं. ती ओळखणारी चाळणी हवी, आणि चाळणी घडवायला घाणीचे नमुने निवडून त्यांवर खुणा करणारी माणसं हवीत. ओपनएआयसाठी हे काम केनियातल्या नैरोबीत ‘सामा’ या कंपनीतर्फे झालं. बालकांवरचे अत्याचार, छळ, हत्या यांची वर्णनं दिवसभर वाचायची आणि त्यांवर खुणा करायच्या. ‘टाइम’ नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये दाखवून दिलं, की या कामगारांच्या हातात ताशी १.३२ ते २ डॉलर पडत होते. त्यांच्यातल्या काहींनी सांगितलं, की ती वर्णनं मनातून जाता जात नाहीत. आपल्याशी हे यंत्र सौम्यपणे बोलतं, कारण कुणीतरी ते सगळं आधी वाचून बाजूला काढलेलं आहे. त्या वर्षी मे महिन्यात नैरोबीत अशी कामं करणारे दीडशेहून अधिक कामगार एकत्र आले आणि त्यांनी संघटना उभारायचं ठरवलं.

निकाल देणारं यंत्र

पाणी-वीज आणि माणसांचे श्रम यांच्यानंतरची तिसरी हानी सर्वांत शांतपणे होते. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघरासाठी सरकार पालकांना भत्ता देतं. यात लबाडी कोण करेल, याचा अंदाज बांधण्यासाठी कर खात्याने २०१३ पासून स्वतः शिकत जाणारी जोखीम-मोजणी वापरली. डच नागरिक नसणं, हीसुद्धा तिच्यात जोखमीची एक खूण होती. ज्यांचे गुण जास्त, त्यांची प्रकरणं अधिकाऱ्यापुढे जात. गुण जास्त का, हे अधिकाऱ्यालाही कळत नसे. अर्जावर सही राहून जाण्यासारखी बारीकशी चूकसुद्धा लबाडी ठरू शके. हजारो कुटुंबांना वर्षांचे भत्ते एकदम परत करायला सांगितलं गेलं. घरं गेली, संसार मोडले, हजाराहून अधिक मुलं पालकांपासून दूर ठेवली गेली. १५ जानेवारी २०२१ रोजी या प्रकरणावरून डच सरकारने राजीनामा दिला.

हे यंत्र कुणाचा द्वेष करत नव्हतं. जुन्या नोंदींमध्ये ज्यांच्यावर जास्त संशय घेतला गेला होता, त्यांच्यावरच संशय घ्यायला ते शिकलं, आणि प्रत्येक संशयाला गणिताची प्रतिष्ठा मिळाली. माणसाने घेतलेल्या चुकीच्या निर्णयावर भांडता येतं. कारण न सांगता आलेल्या आकड्याशी भांडायचं कसं, हे त्या पालकांना वर्षानुवर्षं सापडलं नाही.

आपलं माप, आपला प्रश्न

या मोजणीत मराठीही आहे. संगणकात मजकूर साठवण्याच्या रूढ पद्धतीत रोमन लिपीच्या अक्षराला एक बाइट जागा लागते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, अगदी काना, मात्रा, वेलांटी यांनाही प्रत्येकी, तीन बाइट. भाषा-मॉडेल मजकुराचे तुकडे करून तो वाचतं, आणि हे तुकडे पाडण्याचे नियम बहुतांशी इंग्रजी मजकुरावर बेतलेले असल्याने मराठी वाक्याचे तुकडे जास्त पडतात. प्रत्येक तुकड्याला गणित, गणिताला वीज, विजेला पैसे. नव्या मॉडेलांत हे अंतर बरंच कमी झालं आहे, पण मिटलेलं नाही. मराठीतून तोच प्रश्न विचारणारा माणूस यंत्राच्या दृष्टीने अधिक खर्चीक ठरतो, आणि त्याला मिळणारं उत्तर अनेकदा कमी प्रतीचं असतं.

शिवाय यंत्राचं शरीर आता आपल्या दाराशी आहे. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा जवळपास निम्मा भाग मुंबई आणि नवी मुंबईत आहे. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून ऐरोली, रबाळे, महापे आणि पनवेल परिसरात खिडक्या नसलेल्या उंच इमारती एकापाठोपाठ एक उभ्या राहत आहेत. त्यांना वीज आणि पाणी लागणार, आणि दोन्ही या राज्यातूनच जाणार. वीज कुणासाठी आणि जमीन-पाणी कुणाचं, हा प्रश्न महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच विचारला होता. १९२१ मध्ये मुंबईच्या विजेसाठी मुळशीत टाटांचं धरण होऊ लागलं, तेव्हा सेनापती बापटांबरोबर मावळातले शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले. धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. मुंबईला वीज मिळाली आणि ती कामाची ठरली, हेही खरं. पण सौदा ठरताना ज्यांची जमीन गेली त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं.

यावेळी विचारता येईल. युरोपीय संघाने ५०० किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या डेटा सेंटरना आपला वीज आणि पाण्याचा वापर कळवणं सक्तीचं केलं आहे. नवी मुंबई महापालिकेने सांडपाणी पुन्हा शुद्ध करून उद्योगांना देण्याचे प्रकल्प कोपरखैरणे आणि ऐरोलीत उभारले आहेत. असं पाणी शीतकरण मनोऱ्यांना चालतं. म्हणजे मार्ग आहेत. आकडे उघडे असले की अभियंते मार्ग काढतात, आणि आकडे झाकलेले असले की जे स्वस्त पडेल तेच होतं.

महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा २००२ मध्ये केला, देशाचा कायदा होण्याच्या तीन वर्षं आधी. देशाच्या कायद्यातलं आठवं कलम व्यापारी गुपिताला संरक्षण देतं खरं, पण व्यापक सार्वजनिक हित असेल तर ती माहिती खुली करता येते, असंही तिथेच लिहिलेलं आहे. द डॅल्समध्ये जे मिळवायला एका वृत्तपत्राला वर्षभराहून अधिक काळ कोर्टात भांडावं लागलं, ते विचारायला आपल्याला दहा रुपयांचं शुल्क आणि एक कागद लागतो. औद्योगिक विकास महामंडळाला विचारा, डेटा सेंटरना बारवी धरणाचं किती पाणी जातं आणि पुन्हा शुद्ध केलेलं किती. सरकारी वीज कंपनीला विचारा, डेटा सेंटरसाठी किती युनिट राखून ठेवले आहेत आणि ते कोळशाचे की सूर्याचे. राज्य सरकारला विचारा, त्यांना दिलेल्या सवलतींच्या बदल्यात लोकांना काय मिळालं. तुमच्या रेशनच्या, पेन्शनच्या, कर्जाच्या अर्जावर यंत्राने निर्णय दिला असेल, तर त्याचं कारण लेखी मागा. या यंत्रावर थक्क होण्याचा आपला हक्क आहे, आणि त्याचा हिशेब मागण्याचाही. माहितीच्या अर्जाला उत्तर द्यायला कायद्याने तीस दिवस दिलेले आहेत. अर्ज करा.